पिकांतून उमटणारी कुंपणे

पावसाळा सरला की धनगरांचे वाडे देशावरून कोकणाकडे उतरू लागतात आणि वाटेवरचे शेतकरी त्यांना आपल्या वावरात मेंढ्या बसवण्यासाठी आर्जवाने बोलावतात. चार-आठ रात्री कळप एका जागी बसतो, जागा खतावते आणि वाडा पुढे निघून जातो. पुढच्या वर्षी त्या वावरात ज्वारी उभी राहते, तेव्हा कळप जेवढ्या चौकोनात बसला होता तेवढ्याच चौकोनातील ताटे काळपट हिरवी आणि वीतभर उंच दिसतात. कुंपण उठले, मेंढ्या गेल्या, धनगरही गेला. वेढ्याची हद्द मात्र पिकाने जपून ठेवली. जमिनीत एकदा केलेला फेरफार पीक बोलून दाखवते, हे कुणब्याला कोणी शिकवावे लागत नाही. हा बोल एका वर्षाचा नसून चार-पाच हजार वर्षांचाही असू शकतो, हे कळायला मात्र माणसाला आकाशात चढावे लागले.

हीरक महोत्सवाच्या या अंकात शाळेच्या आठवणींच्या शेजारी अशा विषयाला जागा मागावी, याचे कारण आपले शहर आहे. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाचा येथील इतिहास बहुधा शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरू होतो. फार तर केंपेगौडांच्या १५३७ च्या पेठेपर्यंत मागे जातो. त्यापलीकडची काही हजार वर्षे ज्या साधनांनी वाचता येतात, त्यांतील एक साधन याच शहरात घडले आहे.

आधी या खुणा उमटतात कशा, ते पाहू. प्राचीन माणसाने वस्तीभोवती किंवा गुरांच्या आवाराभोवती खंदक खणला. पुढे वस्ती उठली, खंदक गाळाने आणि पालापाचोळ्याने भरत गेला, वर नांगर फिरला, जमीन सपाट झाली. डोळ्यांना काहीच दिसेनासे झाले. पण त्या पट्ट्यात माती खोल, भुसभुशीत आणि ओल धरणारी राहिली. वर गहू किंवा सातू पेरला आणि पावसाने ताण दिला की आजूबाजूचे पीक माना टाकते, पिवळे पडते. खंदकावरचे मात्र हिरवे राहते आणि उशिरा पिकते. खाली भिंतीचा पाया गाडलेला असेल तर नेमके उलटे घडते. मुळांना खोली मिळत नाही, पीक खुरटते, लवकर करपते. म्हणजे खंदक हिरव्या रेघेत दिसतो आणि भिंत पिवळ्या रेघेत. पुरातत्त्वज्ञ यांना पीकखुणा म्हणतात. बांधावर उभे राहणाऱ्याला त्या बहुधा समजत नाहीत. त्याला इथे थोडे हिरवे, तिथे थोडे पिवळे एवढेच दिसते. आणि पाऊस समाधानकारक झाला तर खुणा उमटतच नाहीत. दुष्काळाची ही एक विचित्र देणगी म्हणायची.

या शास्त्राला शिस्त लावणारा माणूस आपल्या मुंबईत जन्मला, ही गोष्ट मराठी पुस्तकांतून क्वचितच वाचायला मिळते. ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८८६ रोजी ब्रीच कँडी येथे झाला. वडील ठाण्याला न्यायाधीश होते. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली आणि तीन महिन्यांच्या त्या मुलाला बोटीने इंग्लंडला आत्यांकडे पाठवण्यात आले. पहिल्या महायुद्धात त्यांनी आधी नकाशांचे काम केले आणि नंतर विमानात निरीक्षक म्हणून. १९१८ मध्ये विमान पडून ते जर्मनांच्या कैदेत गेले. युद्धानंतर, १९२० मध्ये, ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना आपला पहिला पुरातत्त्व अधिकारी नेमले.

त्यानंतर वैमानिकांनी सरावासाठी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हाती आली. छायाचित्रे काढणाऱ्यांना त्यांत गावे, रस्ते आणि शेते दिसत होती. क्रॉफर्ड यांना शेतांच्या खाली दुसरीच शेते दिसली. आजच्या बांधांशी ज्यांचा काही संबंध नाही अशा प्राचीन वावरांच्या चौकटी त्यांत होत्या. १९२३ मध्ये अशाच छायाचित्रांवरून त्यांनी स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा नष्ट झालेला भाग शोधून काढला आणि त्याच वर्षी खणून तो खरा असल्याचे दाखवले. पुढच्या वर्षी, मार्मालेडच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या घराण्यातील अलेक्झांडर कायलर यांच्या पैशाने आणि सोबतीने, त्यांनी दक्षिण इंग्लंडवर मुद्दाम उड्डाणे केली. आपला मुद्दा समजावताना ते मांजराचे उदाहरण देत. गालिच्यावर बसलेल्या मांजराला धाग्यांचे रंग दिसतात. वेलबुट्टी दिसते ती उभ्या माणसाला. जमिनीवर चालणारा इतिहाससंशोधक गालिच्यावरच्या मांजरासारखा असतो. त्याच्या नजरेत खोट नसते, कमी पडते ती उंची.

१९२५ च्या हिवाळ्यात गिल्बर्ट इन्सॉल नावाच्या वैमानिकाला स्टोनहेंजपासून सुमारे तीन किलोमीटरवर एका नांगरलेल्या शेतात वर्तुळ दिसले. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा गृहस्थ. पुढच्या उन्हाळ्यात त्या शेतात गहू उभा राहिला, तेव्हा त्याने वरून पुन्हा छायाचित्र घेतले. खंदकाचा वेढा आणि त्याच्या आत ठिपक्यांच्या एकात एक कड्या! प्रत्येक ठिपका म्हणजे कुजून गेलेल्या लाकडी खांबाचा खड्डा होता. मॉड कनिंग्टन यांनी १९२६ ते १९२८ या काळात तेथे उत्खनन केले आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची खांबांची सहा लांबट वर्तुळे उजेडात आणली. तेच वुडहेंज. लाकूड उरले नव्हते. पुरावा होता तो फक्त गव्हाच्या रंगातला फरक. मला तरी या साऱ्या कथेतला हा सर्वांत विलक्षण क्षण वाटतो.

पुढे अशा शोधांची रीघ लागली. जर्मनीतील गोसेक येथील वर्तुळाकार खंदक १९९१ मध्ये विमानातून दिसला. तो इसवी सनापूर्वी ४९०० च्या सुमाराचा निघाला. २०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये कडक अवर्षण पडले आणि न्यूग्रेंज या प्रसिद्ध समाधीजवळच्या शेतात, शतकानुशतके लोक ज्यावरून चालत होते अशा जागी, अश्मयुगाच्या अखेरचे एक प्रचंड आवार ड्रोनच्या पडद्यावर उमटले. पाऊस परतला आणि ते पुन्हा दिसेनासे झाले.

मग आपल्या दख्खनचे काय? वस्तीला कुंपण घालणारी, खंदक खणणारी माणसे इथेही होती. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावचे नाव अनेकांनी ऐकले असेल. १९६८ ते १९८३ अशी सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या देखरेखीखाली इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या नऊ शतकांतील ताम्रपाषाणयुगीन गाव थरांथरांनी उलगडले. घरे, धान्याच्या कणग्या, घराच्या जमिनीखाली पुरलेली मुले हे तर मिळालेच. त्याबरोबर वस्तीच्या संरक्षणासाठी रचलेला दगडमातीचा बांध, खंदक आणि पाण्याचा पाटही मिळाला.

हे गाव सापडले ते विमानातून नव्हे. ते सापडण्यामागे आपल्या भाषेतलाच एक शब्द आहे. गावची जमीन आपण दोन नावांनी ओळखतो, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. चुली, राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांनी शेकडो वर्षांत जमिनीचा रंग पालटतो. जुन्या उजाड गावांच्या टेकाडांना शेतकरी आजही पांढरीची टेकाडे म्हणतात आणि तेथील माती खत म्हणून गाड्या भरून नेतात. महाराष्ट्रातील पुरातत्त्वज्ञ नवख्या गावात गेला की आधी विचारतो, पांढर कुठे आहे? इंग्लंडमध्ये जे काम विमानाने केले, ते इथे पुष्कळ अंशी या एका शब्दाने केले. कापसाच्या काळ्या जमिनीत पीकखुणा तशाही कमी खुलतात. ही माती उन्हाळ्यात हातहातभर भेगाळते, पावसात फुगते, स्वतःलाच उलथीपालथी करते आणि ओल सगळीकडे सारखीच धरून ठेवते. खडूच्या किंवा वाळूखड्यांच्या जमिनीत गाडलेला खंदक जितका ठळक दिसतो, तितका इथे दिसत नाही.

दक्षिणेतील सर्वांत थक्क करणारी प्रागैतिहासिक आवारे मात्र ना पिकात दिसली ना पांढरीत. ती राखेत दिसली. बळ्ळारी, रायचूर, कलबुर्गी या भागांत आणि लगतच्या तेलंगण-आंध्रात राखेची शंभरावर टेकाडे विखुरलेली आहेत. काही दोन-तीन पुरुष उंच आहेत. आत राख भुसभुशीत आहे, तर कुठे काचेसारखी वितळून घट्ट झालेली. हंपीजवळच्या निंबापूर येथील ढिगाऱ्याला लोक वालीच्या चितेची राख मानतात. एकोणिसाव्या शतकातील साहेबांनी ज्वालामुखीपासून लोखंडाच्या भट्टीपर्यंत नाना तर्क लढवले. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने मात्र ही नवाश्मयुगीन गुराख्यांच्या गोठ्यांतील जळालेल्या शेणाची राख असावी, असे म्हटले.

फूट यांचे म्हणणे कुदळीने तपासले ते रेमंड ऑलचिन यांनी, १९५७ मध्ये, आज तेलंगणात असलेल्या उटनूर येथे. राखेच्या थरांखाली लाकडी खांबांच्या खड्ड्यांच्या ओळी निघाल्या. खांब एकमेकांना लगटून उभे करून केलेले भक्कम कुंपण आणि त्याच्या आत गुरांचे आवार होते. ते जळाले, त्याच जागी पुन्हा उभे राहिले, पुन्हा जळाले. एका थरात तर गुरांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे उरले होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकात ओल्या शेणमातीत पाय रुतवत कुंपणातून ये-जा करणाऱ्या गाईबैलांचे ते पाय. एवढी प्रत्यक्ष खूण मोठमोठ्या राजवाड्यांच्या अवशेषांतही सहसा मिळत नाही.

पुढे १९९० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्याच के. पद्दय्या यांनी शोरापूरच्या दोआबात बूदिहाळ येथे विस्तृत उत्खनन केले आणि गुरांच्या आवाराच्या लगत माणसांची वस्ती व जनावरे कापण्याची जागाही दाखवली. म्हणजे राखेचे टेकाड हा एकटादुकटा गोठा नव्हता. गुरांभोवती रचलेल्या एका सबंध समाजाचा तो उकिरडा होता, आणि बहुधा त्याचे पवित्र स्थानही. कन्नडमध्ये बूदी म्हणजे राख. बूदिहाळ, बूदिगुंटा ही नावे आपण रोज ज्या भाषेत भाजी घेतो त्याच भाषेतली आहेत.

शेण जाळले का, हा प्रश्न उरतो. एवढे मौल्यवान खत दरवेळी अपघाताने पेटेल, हे पटत नाही. ऑलचिन यांनी त्याचा संबंध गुरांना आगीवरून नेण्याच्या सणांशी जोडला. बंगळुरू-म्हैसूर भागात आजही संक्रांतीच्या संध्याकाळी गुरांना न्हाऊमाखू घालून, शिंगे रंगवून पेटलेल्या गवतावरून उड्या मारायला लावतात. किच्चु हायिसुवुदु असे त्याला म्हणतात. आपल्या मुलांनी तिळगूळ वाटता वाटता तो सोहळा पाहिला असेल. चार हजार वर्षांचे अखंड सातत्य सिद्ध झाले आहे असा दावा मी करणार नाही, पण ऑलचिन यांची दिशा मला पटते. राखेचे थर नियमित आहेत, आणि नियमितपणा आपोआप येत नाही.

बंगळुरूच्या अगदी अंगणातही या दूरच्या काळाच्या खुणा आहेत. होसकोटे तालुक्यातील जडिगेनहळ्ळी येथे १९५७ मध्ये म. शेषाद्री यांनी महापाषाणयुगीन दफने खणली. नागपूरजवळ जुनापाणीला जशी शिळावर्तुळे आहेत, त्याच लोहयुगीन परंपरेची ही दक्षिणेकडील भावंडे. अशी वर्तुळे शेतांच्या कडेला, माळावर, तळ्यांच्या काठाने असतात. एकेक धोंडा घराच्या पायात किंवा बांधात गेला की वर्तुळ संपते. मग उरतो तो फक्त मातीतला फरक, आणि तो पाहायला पुन्हा उंचीच हवी.

ती उंची भारतीय संशोधकाला दीर्घकाळ मिळाली नाही. हवाई छायाचित्रणाला संरक्षण खात्याची परवानगी लागे आणि छायाचित्रे गोपनीय ठरत. १९४८ मध्ये ओडिशातील शिशुपालगड खणताना तेथील चौकोनी तटाचे हवाई छायाचित्र उपयोगी पडले, पण अशी उदाहरणे मोजकी. ज्या बंगळुरूत १९४० पासून विमानांचा कारखाना आहे, त्या शहरातल्या पुरातत्त्वज्ञालाही विमान पुस्तकातच पाहावे लागे.

चित्र पालटले ते उपग्रहांमुळे, आणि भारताच्या अवकाश संशोधनाचे मुख्यालय आपल्या शहरात आहे. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या पहिल्या भारतीय दूरसंवेदन उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका जमिनीवरच्या सुमारे ३६ मीटरचा होता. त्यात एखादा गोठा कुठला दिसणार! २००५ च्या कार्टोसॅटने ठिपका अडीच मीटरवर आणला आणि २००७ मधील त्याच्या धाकट्या भावाने एका मीटरच्या आत. बारकाव्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रकाशाचे पट्टे. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते. पाण्याचा ताण पडला की ते प्रमाण घसरते. त्यामुळे जो फरक डोळ्याला नुसता हिरव्यातला हिरवा दिसतो, तो उपग्रहाच्या चित्रात ठळक होऊ शकतो. मघाशी सांगितलेला खंदकावरचा ओला पट्टा आठवावा.

भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत हेच काम चालते. तेथील एम. बी. राजानी आणि अवकाश संशोधन संस्थेचे माजी अध्यक्ष के. कस्तुरीरंगन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, बहुपट्टी उपग्रहचित्रांवरून दक्षिण भारतातील मध्ययुगीन वसाहतींभोवतीचे खंदक कसे ओळखावेत, हे दाखवले. विषय मध्ययुगाचा आहे, अश्मयुगाचा नव्हे. पण पद्धत तीच, आणि वुडहेंजच्या गव्हाशी तिचे नाते सरळ आहे. राजानी यांनी नालंदाच्या अवशेषांचा विस्तारही याच रीतीने अभ्यासला, आणि जुने नकाशे व उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवून आपल्या लालबागेची मूळ आखणी शोधण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. जिथे आपण पुष्पप्रदर्शनाच्या गर्दीत मुलांचे हात घट्ट धरून चालतो, त्या वाटांखाली अठराव्या शतकातली बाग शोधायची, हे मला मोठे रम्य वाटते.

खरी अडचण आता सांगायला हवी. पीकखूण उमटायला पीक लागते. देवनहळ्ळी, होसकोटे, आनेकल, बिडदी या चारही दिशांना गेल्या तीस वर्षांत ज्या शेतांचे भूखंड पडले, तेथे रागीचे, म्हणजे आपल्या नाचणीचे, ताट पुन्हा उभे राहणार नाही. तांबड्या मातीची, खाली मुरूम असलेली, पाण्याचा झटकन निचरा करणारी ही जमीन पीकखुणांना काळ्या जमिनीहून कितीतरी अनुकूल. नेमकी तीच इमारतींखाली गेली. नांगराने पुरातन अवशेष खिळखिळे होतात हे खरे, पण नांगर निदान रेघ तरी ठेवतो. पायाचे यंत्र सगळेच उचलून नेते. बळ्ळारीकडे संगनकल्लू-कुप्गलच्या टेकड्यांना ग्रॅनाइटच्या खाणींनी घेरले आणि राखेची कित्येक टेकाडे खत म्हणून शेतांत पसरली गेली.

एक दिलासा अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर-उपग्रहांनी जगभरची छायाचित्रे टिपली. फिल्मची डबी अवकाशातून खाली सोडायची आणि विमानाने ती हवेतच झेलायची, असा तो अद्भुत प्रकार. १९९५ मध्ये ही आठ लाखांहून अधिक चित्रे खुली झाली. हेतू क्षेपणास्त्रे मोजण्याचा होता. हाती लागले जुने जग. आपली शाळा जेव्हा बाल्यावस्थेत होती, तेव्हाची शेते, तळी आणि पायवाटा त्या पट्ट्यांवर आहेत, त्यानंतरच्या साठ वर्षांतील एकही वसाहत नसलेल्या. भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना घेऊन त्या जुन्या पट्ट्या आणि आजची उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, तर शाळेच्या परिसरातील बुजलेले एखादे तळेही हाती लागेल. त्यासाठी संगणक आणि चिकाटी याखेरीज काही लागत नाही. २०२१ पासून नकाशे व भूप्रदेशाच्या माहितीवरील सरकारी बंधनेही पुष्कळ सैल झाली आहेत.

विमानाने पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एवढे करावे. पाऊस ओढ देऊन गेलेल्या वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रागी पिकायला लागलेली असताना सकाळचे किंवा संध्याकाळचे विमान घ्यावे आणि खिडकीची जागा मागून घ्यावी. ऊन तिरपे असते. देवनहळ्ळीच्या पलीकडे जी शेते अजून उरली आहेत, त्यांत बांधांना न जुमानता एका वावरातून दुसऱ्यात वळत जाणारी हिरवी कड दिसली, तर तिचे छायाचित्र घ्यावे आणि वेळ लिहून ठेवावी.